आधी नाव, मग हात

बाबांनी शेवटच्या तीन वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. एक तास. तोही माझ्या सवडीने.

“एखाद्या बुधवारी साडेतीनला ये,” ते फोनवर म्हणायचे. “पोरं जमतात. तू जे करतेस ते त्यांना समजावून सांग. मी सांगितलं की हसतात.”

“काय सांगता तुम्ही?”

“हेच, की काही माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि त्याचं झाकण उघडं ठेवतात. कोणीही यावं, आत डोकवावं, बिघडलं असेल ते नीट करून पाठवावं. आमची मुलगी तेच करते, रविवारीसुद्धा करते, आणि एक पैसा घेत नाही.”

“मग हसतात कुठे?”

“पैसा घेत नाही म्हटलं की.”

मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात नक्की. पुढचा महिना आला की त्यांच्या परीक्षा असायच्या, नाहीतर माझं काम अंगावर आलेलं असायचं. अंतर चार तासांचं होतं. घरी मी वर्षातून तीन-चार वेळा जातच होते, पण शनिवार-रविवार बघून. बुधवार काही जमला नाही.

बाबा कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिकवायचे नाहीत, उपकरणं सांभाळायचे. विद्यार्थी त्यांना भिंगकाका म्हणत, कारण त्यांच्या खिशाला पेनाऐवजी भिंग असे. आधी ते मोजपट्टीवरच्या रेघा वाचायला घेतलेलं, मग वर्तमानपत्रासाठी लागू लागलं, शेवटी औषधाच्या पाकिटावरच्या अक्षरांसाठी. प्रयोगशाळेत त्यांचा एकच कायदा होता आणि तो त्यांनी कपाटाच्या दारावर स्वतःच्या हाताने रंगवला होता : आधी नाव, मग हात. टेबलावरच्या नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. वहीत चार रकाने. नाव, उपकरण, घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ. चौथा रकाना रिकामा दिसला की संध्याकाळी बाबा त्या विद्यार्थ्याच्या घरी फोन करत. “तुमचे चिरंजीव घरी पोचले असतील. माझा स्क्रू गेज अजून पोचला नाही.”

लहानपणी मी हे शेजारच्या खोलीतून ऐकत असे आणि मला लाज वाटे. आपले बाबा लोकांच्या घरी फोन करून स्क्रू मागतात, असं मला वाटायचं.

कॉलेजने प्रयोगशाळेला आठ संगणक दिले आणि वर्षभर ते एका प्रयोगापुरते उघडून पुन्हा झाकून ठेवले, हे बाबांना बघवलं नाही. त्यातून त्यांचं मंडळ निघालं. नाव ‘दुरुस्ती मंडळ’. त्यांनी फलकावर लावलं, ‘दर बुधवारी साडेतीन, खोली क्रमांक चौदा, फुकट दुरुस्ती शिकवली जाईल.’ पहिल्या बुधवारी एकच मुलगा आला, तोही घरचा बंद पडलेला टेबलफॅन काखोटीला मारून. बाबांनी आधी त्याचा पंखा चालू करून दिला आणि मग त्याला संगणकासमोर बसवलं. तो मुलगा टिकला. त्याचं नाव पंखाच पडलं. हे सगळं मला फोनवरून कळत होतं. मी ऐकत होते, एका कानाने. दुसऱ्या कानाला बहुतेक वेळा कामाचं काहीतरी लावलेलं असे.

आता माझ्या कामाबद्दल. नोकरी वेगळी, पण गेली नऊ वर्षं मी आणखी दोघांबरोबर एक प्रोग्रॅम सांभाळते. छोट्या वाचनालयांसाठी आहे. पुस्तकांची यादी ठेवणं, देणं-घेणं लिहिणं, एवढंच. मुक्त आहे, बाबांच्या भाषेत झाकण उघडं आहे. कोणीही बदल सुचवतो, आम्ही तिघं तपासतो, दोघांनी होकार दिला की तो घेतो. तिथे मी माझ्या नावाने वावरत नाही. तिथे मी ‘अल्पविराम’ आहे. हे नाव बाबांचं. मी वाचायला शिकले तेव्हा प्रत्येक स्वल्पविरामाशी इतकी थांबायचे की बाबा म्हणायचे, “अगं अल्पविराम, वाक्य संपू दे, मला कामावर जायचंय.” घरात हे नाव चौथीपर्यंत चाललं. पुढे मी ते तिकडे घेतलं. कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

बाबा गेले तेव्हा निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आई म्हणाली, मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि भिंग खाली पडलं होतं, फुटलं नव्हतं.

त्याच्या नऊ दिवस आधी त्यांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, तरी उचलला.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “तुमच्यात एकदा बंद केलेलं दार आतून उघडतं का गं?”

“कुठलं दार? बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. अडकलंय का? सुताराला बोलवा ना.”

मग म्हणाले, “राहू दे.”

संध्याकाळी मी आईला मेसेज केला, की सुतार आला का. आईने लिहिलं, आपली सगळी दारं नीट आहेत. मी ते वाचलं आणि विसरले.

महिना झाल्यावर आईने मला कॉलेजात पाठवलं. त्यांच्या कपाटात त्यांची स्वतःची भिंगं होती, सहा. “तेवढी आण,” आई म्हणाली. “बाकी काही नको.” मी रजेवर होते. वार माझ्या लक्षातही नव्हता.

विभागप्रमुखांनी मला बसवलं. सभ्य गृहस्थ. बाबांबद्दल चांगलं बोलले, आणि ते मनापासून होतं.

“चौतीस वर्षांत एक लोलकसुद्धा हरवला नाही हो. आता आम्ही रोज काहीतरी शोधत असतो.” मग थोडे अवघडले. “ते मंडळ मात्र… तुमच्या वडिलांच्या शब्दाखातर चाललं होतं. आता कोणी शिक्षक नाव द्यायला तयार नाही. मी मुलांना म्हटलं, तीन वर्षं बसताय, कुठे काही घेतलं गेलंय का तुमचं? दाखवा. तर कोणाच्या तरी माहितीपत्रकातली दोन-चार स्पेलिंगं. त्यावर मी खोली कशी अडवून ठेवू? महिनाअखेर चौदा नंबर रिकामी करतोय.”

मी मान हलवली. माझा काय संबंध, असं तेव्हा वाटलं.

चौदा नंबरचं दार उघडं होतं. आत सातआठ मुलं-मुली. घड्याळात पावणेचार. तेव्हा मला कळलं की आज बुधवार आहे.

दारातून कपाट दिसत होतं. पांढऱ्या रंगातली अक्षरं थोडी उडाली होती. मी सरळ तिकडे गेले आणि कडीला हात घातला.

“ओ, आधी नाव,” मागून एक मुलगा म्हणाला. लांब मान, मोठे कान. हाच पंखा असणार. मी वळले आणि कोण ते सांगितलं.

सगळे उभे राहिले. एका मुलीने स्टूल पुढे केलं. बारीक चणीची, कपाळाला आठी. पंख्याने ओळख करून दिली. “ताई, ही शंका. हिला प्रत्येक गोष्टीत असते. काकांनीच ठेवलंय नाव.”

“काका म्हणायचे, शंका असेल तर विचार,” ती म्हणाली. “मी विचारलं की म्हणायचे, आता पुरे.”

हसू आलं सगळ्यांना, मलाही. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की तुम्ही नेमकं काय दुरुस्त करता.

“दोन वर्षं तर एकाच गोष्टीला लागलोय,” शंका म्हणाली. “आपल्या लायब्ररीतला प्रोग्रॅम. त्यात पुस्तकं नावाप्रमाणे लावली की ‘ज्ञ’ची पुस्तकं शेवटी येत नाहीत. ‘ज’मध्ये घुसतात. ग्रंथपालबाई म्हणतात, ज्ञानाची सगळी पुस्तकं ज्योतिषाच्या शेजारी जाऊन बसतात.”

“आणि वाचणाऱ्यांना पत्ता लागत नाही,” पंखा म्हणाला. “मग वाचणारे ज्योतिषच घेऊन जातात.”

माझा हात स्टुलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला. हा प्रोग्रॅम मी ओळखत होते. ही तक्रारही ओळखत होते. चार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिली होती आणि तिच्याखाली मी लिहिलं होतं, ‘खरं आहे. कोणीतरी करायला हवं.’

“मग झाली का दुरुस्ती?”

“झाली,” शंका म्हणाली. “पाठवता येत नाही. आम्ही सगळे तिथे ब्लॉक आहोत.”

“का?”

“अल्पविराम,” पंखा म्हणाला. “तिथला राखणदार. अल्पविरामने आम्हाला पूर्णविराम दिला.”

हे वाक्य त्यांच्यात बरेचदा बोललं गेलं असावं. कोणी हसलं नाही, नुसत्या माना डोलल्या.

शंकाने एक जाड वही आणली. प्रयोगशाळेची नाही, मंडळाची. त्यात बाबांचं अक्षर. मंडळ त्या प्रोग्रॅमकडे पहिल्यांदा गेलं तो दिवस त्यांनी नीट लिहून ठेवला होता. आमच्या सूचनांमधलं एक वाक्य उतरवून घेतलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या : ‘पहिल्यांदाच येणाऱ्यांनी सहभागींच्या यादीत आपले नाव घालावे.’

ते वाक्य माझं होतं. कामासोबत नाव घाला, असं मला म्हणायचं होतं. ‘कामासोबत’ लिहायचं राहिलं होतं.

“काकांना ते वाक्य फार आवडलं,” शंका सांगत होती. “म्हणाले, बघा, तिकडेही आपलीच पद्धत आहे. आधी नाव, मग हात. त्या बुधवारी आम्ही सगळ्यांनी फक्त नावं घातली आणि पाठवली. काम पुढच्या बुधवारी करणार होतो. काका म्हणाले, घाई नको, पहिल्या दिवशी दाराशी नाव सांगायचं आणि थांबायचं.”

मला ती सकाळ आठवली. न्याहारी करता करता मी पाहिलं होतं की एका दिवसात बाराजणांनी बदल पाठवलेत आणि प्रत्येकात एकच ओळ, स्वतःचं नाव. त्या वर्षी अशा लोकांचा सुळसुळाट झाला होता. नोकरीच्या अर्जात दाखवायला कुठेतरी नाव चिकटवून जाणारे. मी बाराही बदल बंद केले, बाराही खाती ब्लॉक केली. प्रत्येकाखाली एकच वाक्य चिकटवलं : ‘नावे नकोत. काम असेल तर पाठवा.’ आणि मग काम पाठवायची वाटही मीच बंद करून टाकली होती, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. चहा गरमच होता. दुपारी ऑफिसात मी हा किस्सा हसत सांगितला होता.

बाबांच्या वहीत त्या तारखेला लिहिलं होतं, ‘सर्व परत आले. राखणदाराचे बरोबर आहे. तिथे नाव म्हणजे हजेरी नव्हे, केलेल्या कामाची पावती. मी चुकीचे सांगितले. मुलांचा दोष नाही.’

त्याखाली अल्पविराम हा शब्द एकदाच लिहिला होता. पुढे काही नव्हतं. शाई थोडी पसरली होती, पेन तिथे टेकून राहिल्यासारखी.

“आम्ही जाम चिडलो होतो,” पंखा म्हणाला. “मी काय काय बोललो त्या माणसाला. काका म्हणाले, तिला नावं ठेवू नका, तिला कामं फार असतात. मी म्हटलं, ‘तिला’ कशावरून? तर म्हणाले, अल्पविराम देणारी बाईच असणार. पुरुष एक तर पूर्णविराम देतात नाहीतर उद्गारचिन्ह.”

“मी म्हटलं, काका, नवीन खातं उघडते, दुसऱ्या नावाने,” शंका म्हणाली. “पाच मिनिटांचं काम. इतके रागावले! म्हणाले, बंद दारातून खोट्या नावाने आत जायचं नाही. आपल्या नावाने उघडलं तर जाऊ. मी बोलतो, म्हणाले. कोणाशी बोलणार विचारलं, तर सांगेनात. मला वाटलं, आपली समजूत घालतायत. मागच्या महिन्यात पुन्हा विचारलं. तुझं काम पुरं झालंय, आता बोलतोच, म्हणाले.” तिने माझ्यापुढची वही जराशी सरळ केली. “मग ते गेलेच.”

मी वही मिटली. दोन वर्षं. या दोन वर्षांत मी सात वेळा घरी गेले होते. बाबा माझ्यासमोर बसून जेवले होते, मला स्टँडवर सोडायला आले होते, माझी बॅग उचलू नका म्हटलं तरी उचलली होती. एकदाही विषय काढला नाही. का, ते मी तेव्हापासून शोधते आहे. त्यांना वशिला लावायचा नसेल. मुलीची चूक मुलीला दाखवायची नसेल. किंवा ते वाट बघत असतील की मी एखाद्या बुधवारी येईन, मुलं सांगतील, आणि मला आपोआप कळेल. हे शेवटचं मला सर्वांत खरं वाटतं, आणि त्याचा विचार मी करू शकत नाही.

“महिनाअखेर खोली जाणार,” पंखा म्हणाला. “एक काम जरी घेतलं गेलं असतं ना, तर आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम नाव द्यायला तयार होत्या. त्यांनी तसं सरांना सांगितलंय.”

“दुरुस्ती बघू?” मी म्हणाले.

“तुम्हाला कळतं त्यातलं?”

“थोडंफार.”

शंकाने संगणक चालू केला. मी खुर्ची ओढली आणि कीबोर्डकडे हात नेला. पंख्याने शांतपणे टेबलावरची नोंदवही माझ्यासमोर सरकवली. उघडून, पेन मध्ये ठेवून. “सॉरी ताई. काकांच्या मुलीला पण.”

चार रकाने. वरच्या ओळी मुलांच्या हातच्या होत्या, वेळा नीट लिहिलेल्या. बाबांनंतरच्या महिनाभरात त्यांनी एकही दिवस नोंद चुकवली नव्हती. मी पेन घेतलं. माझं खरं नाव लिहिलं असतं तर चाललं असतं. कोणालाच काही कळलं नसतं. मी घरी जाऊन, माझ्या खोलीतून, एकेका खात्याचा अडसर गुपचूप काढून टाकू शकले असते. त्यांनी मानलं असतं की राखणदाराला उपरती झाली. मी पेन धरून एवढा विचार केला, हे कबूल करायला हवं.

मग पहिल्या रकान्यात लिहिलं, अल्पविराम.

शंका माझ्या खांद्यावरून वाचत होती. पंखा पुढे वाकला, त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मागून कोणीतरी विचारलं, “काय झालं रे?”

“काकांना माहीत होतं?” शेवटी शंकाने विचारलं.

“हे नाव त्यांनीच ठेवलंय.”

पंख्याचे कान लाल झाले होते. “मी तुम्हाला इतकं बोललोय,” तो म्हणाला. “त्यांच्यासमोर. आणि ते नुसतं ऐकून घ्यायचे.”

“बरोबर बोललास. ते वाक्य अर्धवट मी लिहिलं होतं. आणि तुम्ही कोण, ते एकालाही विचारलं नाही. चूक माझी आहे.”

‘असू दे ताई’ असं कोणी म्हणालं नाही, आणि तेच बरं झालं. शंकाने फक्त विचारलं, “मग आता बघणार का, मॅडम?” ताईची मॅडम झाले होते, ते मला कळलं.

मी बघितलं. चांगलं काम होतं. क्ष आणि ज्ञ पहिल्या अक्षराला असतील तर तिने शेवटी नेले होतेच, पण मधले सुद्धा. ‘विज्ञान’ हे ‘विहीर’च्या नंतर जात होतं, जायला हवं तसं. हे सुचायला मला वेळ लागला असता. मी विचारलं, हे कसं लक्षात आलं?

“काकांनी विचारलं होतं, मधल्या ‘ज्ञ’चं काय. त्या एका प्रश्नाने माझे पाच महिने गेले.”

मग मी एक कोरं नाव टाकून पाहिलं आणि यादी कोसळली.

“पुस्तकाला नावच नाही, असं कसं असेल?” शंका म्हणाली.

“असतात. पहिलं पान फाटलेली, जुनी. लोक नुसता क्रमांक टाकून ठेवतात.”

“काका असते तर पुस्तकालाही म्हणाले असते, आधी नाव,” पंखा पुटपुटला. खोलीत पहिल्यांदा थोडा श्वास सुटला.

तिने वीस मिनिटांत ते सुधारलं. मी मदत केली नाही, मागितली नाही तिने. मी सांगितलं की होकार मी देणार नाही, बाकीचे दोघं बघतील, कारण माझं मत आता तटस्थ राहिलेलं नाही. शंकाने मान हलवली. ते तिला पटलं. तिला वशिल्याने नको होतं.

पाठवायच्या आधी खाती उघडायची होती. मी माझ्या नावाने आत शिरले, त्या दिवशी ब्लॉक केलेल्यांची यादी काढली आणि एकेक नाव वाचू लागले. “ही मी.” “हा मी.” “हा गेल्या वर्षी पास होऊन गेला, पण उघडा त्याचंही.” एकेक करत अकरा झाली. बारावं नाव मी वाचलं तेव्हा कोणी ‘मी’ म्हणालं नाही.

नाव होतं, भिंग.

“त्यांना माऊस नीट धरता येत नव्हता,” पंखा हळूच म्हणाला. “म्हणाले, तुम्ही सगळे सही करताय तर मीही करतो. मी हात धरून करून घेतलं.”

मी तो बदल उघडला. दोन वर्षांपूर्वी तो मी न वाचता बंद केला होता. यादीच्या शेवटी बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हजेरीपटावर असतं तसं. बाकीच्यांनी बदलाचं कारण या जागी काही लिहिलं नव्हतं. बाबांनी लिहिलं होतं, ‘नोंद केली आहे. आत येण्यास परवानगी असावी.’

त्याखाली माझं वाक्य. नावे नकोत. काम असेल तर पाठवा.

मी त्यांचाही अडसर काढला. ‘नक्की काढायचा आहे का?’ असं संगणकाने विचारलं. हा प्रश्न आम्ही घातलेला नाही, सगळ्यांना विचारतात तो. तरी उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्यांचं नाव यादीत घालावं, असं कोणीतरी मागून म्हणालं. मी नाही म्हणाले. तिथे नाव म्हणजे हजेरी नव्हे, हे त्यांनीच लिहून ठेवलं होतं. पण शंकाने तिच्या बदलाचं कारण लिहिताना शेवटी एक ओळ घातली : मधल्या ‘ज्ञ’ची शंका भिंगकाकांची. ती ओळ कामाचा भाग होती. तिला हरकत घेण्याजोगं काही नव्हतं.

तो बदल शनिवारी घेतला गेला. माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाने खाली लिहिलं, ‘चार वर्षं पडून होतं हे. इतका वेळ का लागला?’ त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. खोली राहिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी नाव दिलं. लायब्ररीत ज्ञानाची पुस्तकं आता शेवटी असतात, ग्रंथपालबाईंनी मला फोन करून सांगितलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी साडेपाचला घंटा झाली. मुलांनी संगणक बंद केले, खुर्च्या आत सारल्या. मी कपाटातून सहा भिंगं काढली, रुमालात गुंडाळली. तास कधीच होऊन गेला होता. जवळजवळ दोन झाले होते. बाबांनी एकच मागितला होता.

मी दाराशी पोचले तेव्हा शंकाने हाक मारली. “ताई.”

मी वळले. ती नोंदवहीपाशी उभी होती. “तुमचा शेवटचा रकाना राहिला. परत केल्याची वेळ.”

“रिकामा ठेवला तर?”

“तर काका संध्याकाळी घरी फोन करतात,” पंखा सवयीने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “करायचे.”

मी रकाना रिकामाच ठेवला.